दोघी मिळून एक वाचक

देवासला मराठीत कथा लिहिणारा मी एकटाच उरलो असल्यामुळे इथला सर्वांत मोठा मराठी कथाकार मीच आहे. सर्वांत लहानही मीच. वडील साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, मी त्याच कारखान्यातून निवृत्त झालो. मुलं हिंदी शाळेत शिकली. त्यांना मराठी बोलता येतं, पण वाचायला दिलं की त्यांना अचानक महत्त्वाचा फोन येतो.

नोकरीत असताना मी सगळ्यांना सांगायचो, निवृत्त झालो की भरपूर लिहीन. निवृत्त झालो आणि लिहिणं बंदच पडलं. आधी वेळ नाही म्हणता यायचं, ती सोय गेली. सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसायचो, कागद सरळ करायचो, पेनात शाई भरायचो आणि खिडकीतून बाहेर बघायचो. बायकोने काही दिवस हे आदराने पाहिलं. मग मटारची परात टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, नुसतं बसायचंच आहे तर हे सोला. मटार तरी संपले.

पुण्यात राहणारा मुलगा मोबाईलवर उत्साह वाढवणारी भाषणं पाठवू लागला. एक माणूस डोंगरावर उभा राहून हात पसरून ओरडायचा की तुम्ही करू शकता. काय, ते सांगायचा नाही. त्याच सुमारास धारच्या मराठी मंडळाने लेखनप्रेरणेचं शिबिर ठेवलं. इंदूरला बस बदलून मी धारला गेलो.

मार्गदर्शक बाहेरगावाहून आले होते. त्यांच्या नावावर एकच पुस्तक होतं आणि ते ‘पुस्तक कसं लिहावं’ या विषयावर होतं. समोर आम्ही बहुतेक पेन्शनवाले. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितले. तुमचं छापून आलेलं पुस्तक तुमच्या हातात आहे, त्याचा वास घ्या, म्हणाले. आम्ही वास घेतला. स्वयंपाकघरातून बासुंदीचा येत होता. माझ्या शेजारचे गृहस्थ झोपून गेले. मग मार्गदर्शकांनी सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा, मी लेखक आहे.

मी हात वर करून विचारलं, लिहिलेलं वाचायला कुणीच नसेल तर काय करायचं? ते शांतपणे हसले. वाचकाचा विचारच करायचा नाही, स्वतःसाठी लिहायचं, असं त्यांचं उत्तर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर मी आरशाचा प्रयोग मनापासून केला. आमच्याकडे मोठा आरसा न्हाणीघरात आहे. दुसऱ्याच सकाळी बाहेरून बायकोचा आवाज आला, "तुम्ही लेखक आहात हे मला माहीत आहे. दार उघडा, गीझर चालू राहिलाय."

प्रेरणेचं प्रकरण असं मिटलं. दिवाळीला आमच्या देवासच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघते. मिठाईवाले, दागिनेवाले आणि पॅथॉलॉजीवाले यांच्या जाहिरातींच्या मध्ये मोकळी जागा राहिली की चिटणीस माझ्याकडे येतात. त्या वर्षी मी जुनीच एक कथा देऊन टाकली. धारच्या एका लग्नात नवरीच्या मावशीला दुसऱ्या पंगतीत बसवतात आणि ती मानी बाई उपाशीच उठून निघून जाते, एवढीच गोष्ट. सगळी मनाने रचलेली.

दिवाळीनंतर एका दुपारी मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. वय ऐंशीच्या आसपास, मोतीबिंदूमुळे वाचणं केव्हाच सुटलेलं. सोबत सून होती. सून धामनोदची, हिंदी घरातली. तिच्या हातात स्मरणिका होती, घडी घालून, माझ्या कथेच्या पानावर. काकू खुर्चीत बसल्या, पाणी नको म्हणाल्या आणि विचारलं, "हे माझ्याबद्दल कुणी सांगितलं तुला?"

मी परोपरीने सांगितलं की ही कुणाचीच गोष्ट नाही. त्यांना ते पटलं नाही. धारचं लग्न, दुसरी पंगत, उठून जाणं, सगळं जुळत होतं. आणि मग त्यांनी माझ्या चुका सांगायला सुरुवात केली. पंगतीचा त्यांना राग नव्हताच. त्यांचे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून कुणीतरी त्यांना मांडवातून मागे बसायला सांगितलं. तेही त्यांनी सोसलं. पण नवरी, म्हणजे त्यांची सख्खी भाची, जिची लहानपणी वेणीफणी त्यांनी केली, तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तेव्हा त्या उठल्या.

"आणि उपाशी-बिपाशी काही गेले नाही," काकू म्हणाल्या. "बस स्टँडवर उभी राहून कचोरी खाल्ली. पैठणी नेसून. दोन खाल्ल्या. ते घाल त्यात."

माझी मानी मावशी त्या कचोरीपुढे अगदीच कागदी वाटायला लागली.

मग कळलं की ही कथा वाचली कशी गेली. सून अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायची; लिपी तीच, पण मराठीचा अर्थ तिला कळत नव्हता. काकू डोळे मिटून ऐकायच्या आणि त्यांना सगळं कळायचं. ‘ळ’ आला की सून ‘ल’ म्हणायची, काकू तिथे थांबवून दुरुस्त करायच्या. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की थोडं थोडं, असं त्यांनी माझं ते साडेतीन पानांचं लेखन संपवलं होतं. इतक्या कष्टाने मी स्वतःसुद्धा ते कधी वाचलं नव्हतं.

जाताना काकूंनी नीट लिहून दे एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी येऊन विचारू लागल्या, झालं का. मी नाही म्हटलं की त्या तिथेच उभ्या राहायच्या. त्यांना तसं उभं ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसणं शक्य नव्हतं, कारण खिडकीबाहेर त्याच होत्या. भीतीने का होईना, मी लिहायला बसलो. नवरीने मान वळवली तिथे बराच अडलो. दोनदा फाडलं. कचोरीपाशी आलो तेव्हा मात्र हात थांबला नाही.

कथा झाली तशी मी त्यांच्या घरी नेऊन दिली. सुनेने माझ्यासमोरच वाचली. काकूंनी मान वळवण्याची जागा पुन्हा वाचायला लावली आणि पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, ठीक आहे. कचोरी थंड होती असं मात्र खोटं लिहिलंस, गरम होती. मी तिथेच ते खोडून दिलं.

सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिथे ती जरा घुटमळली. धामनोदला हायवेवर तिच्या वडिलांचा ढाबा होता, तो एका दिवसात कसा बंद झाला हे तिने आजवर सासरी कुणाला सांगितलं नव्हतं.

"अंकल, हिंदी में बताऊँगी तो चलेगा?"

चालेल म्हणालो. ती सांगू लागली आणि मी फाटकाला टेकून ऐकत उभा राहिलो.