ओल्या लुगड्याचा पहारा

लातूरच्या एका संस्थेने मुदखेडच्या सोजरआक्काला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहिता लिहिता नेमकं हेच गाळलं जातं. आक्काला जाऊन दीड महिना होत आला, माझा राग काही उतरलेला नाही.

त्या सकाळी मी दुकानात बिजागऱ्यांच्या भावावरून एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. तेवढ्यात आक्काच्या गल्लीतली पंचफुला आली. डोक्याला फडकं, कमरेला खुरपं, मुठीत स्वतःच्या घराची किल्ली. "आप्पा, आक्का गेली... बाजंवरच. आता किल्ली कुणापाशी ठिऊ?" मी गिऱ्हाइकाला म्हणालो, तू म्हणतोस त्या भावात घेऊन जा. आणि दुकान बंद केलं.

माझं दुकान कुलपांचं, कड्या-कोयंड्यांचं. उदगीरकडून आलो तेव्हा नुसती हातगाडी होती. उमरी, हिमायतनगरचे आठवडी बाजार करत करत दुकानापर्यंत पोचलो. भाव करण्यात मला हरवणारं माणूस एकच भेटलं. आक्का पहिल्यांदा दुकानात आली ती कुलूप हातात तोलत म्हणाली, "आप्पा, हे चोराला काय सांगतं ठाव हाय का? घरात कोणी न्हाई म्हणून सांगतं. चोराची चाकरी करणाऱ्या वस्तूचे एवढे पैसे?" मी तडकलो, "मग नको घेऊ!" "घेते की. पर निम्म्यात." आणि निम्म्यातच घेऊन गेली.

तिची गल्ली बौद्ध वस्तीतली, सगळी मजुरीवर जाणारी घरं. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आली की सकाळीच गल्ली ओस पडायची आणि भरदिवसा चोऱ्या व्हायच्या. भांडी, गॅसची टाकी, पोरीच्या लग्नासाठी जमवलेला दागिना. आक्काचे गुडघे गेलेले, तिला शेतावर जाणं जमत नव्हतं. ती गल्लीच्या तोंडाशी बाज टाकून बसायला लागली. बायका किल्ल्या तिच्याकडे देऊन जायच्या. दुपारी ती एकेक घर उघडायची, आतलं एखादं लुगडं पाण्यात बुचकळून दारासमोरच्या दोरीवर टाकायची. वाळलेले कपडे कालचेही असू शकतात. पाणी ठिबकतंय म्हणजे घरात बाई आहे. हळूहळू शेजारच्या गल्ल्यांतल्या म्हाताऱ्याही तेच करू लागल्या. चोऱ्या थांबल्या, आणि माझी कुलपंही खपेनात. मी तिला तसं सुनावलं तर म्हणते, "मंग लुगडी ईक."

मग लातूरच्या त्या संस्थेचे सर आले. गावात गुन्हे होऊ नयेत म्हणून काम करणाऱ्या गटांना निधी मिळणार होता, पण अर्ज नोंदणी असलेल्या संस्थेनेच करायचा. गट आक्काचा, संस्था त्यांची. आक्काच्या घरात बैठक झाली आणि मी अडून बसलो. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं छप्पर आणि पाण्याची टाकी मिळालीच पाहिजे. म्हाताऱ्यांनी उन्हात किती बसायचं? आणि उन्हाळ्यात प्यायलाच पाणी नसतं, तेव्हा लुगडी कशात भिजवायची? सर सगळ्याला हो म्हणाले. मी म्हणालो, लिहून द्या. तर आक्कानंच मला बाजूला घेऊन दटावलं. "आप्पा, गप ऱ्हा. माणूस माझ्या चुलीवरचा च्या पिऊन राहिलाय. खोटं कसं बोलंल?"

तिच्या उंबऱ्याला येऊन पाणीसुद्धा न घेता परतणारी माणसं तिने जन्मभर पाहिली होती. मी आपला छपरासाठी घासाघीस करत होतो... तिच्यासाठी सौदा त्या कपावरच पक्का झाला होता.

निधी मंजूर झाला. छप्पर आलं नाही, टाकी आली नाही. आला तो फोटोवाला. त्याने दिवसभर आक्काकडून लुगडी पिळून घेतली. मग लातूरला कार्यक्रमाचं बोलावणं आलं, मी सोबत गेलो. सभागृहात भिंतभर आक्काचा फोटो, हातात ओलं लुगडं. सर व्यासपीठावरून सांगत होते, ही पद्धत आमच्या संस्थेने शोधून काढली.

"आप्पा, खाली काय लिवलंय? माझं नाव?"

"लाभार्थी महिला."

"म्हंजी?"

"जिला फायदा झाला, ती."

ती फोटोकडे बघत राहिली. "कोणता फायदा?"

मी ओरडायला उठलो तर तिने माझी बाही धरून खाली बसवलं. आम्ही परतीची बस धरली. मुदखेड जवळ आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "च्या तर पेला होता..."

मी सरांना फोन केला. म्हणाले, "आप्पासाहेब, छप्पर म्हणजे बांधकाम झालं. बांधकामाला या निधीत तरतूदच नाही." मी विचारलं, मग हो कशाला म्हणालात? फोन कट. पुढचा सगळा उन्हाळा आक्का फाटकी छत्री बाजेला बांधून बसली. किल्ल्या घेत राहिली, लुगडी भिजवत राहिली, पण सरांचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

तिचा मुलगा हैदराबादला कामाला. जलदान विधी झाला आणि तो घर बंद करून गेला. दाराला तेच माझं निम्म्या भावाचं कुलूप. परवा त्या गल्लीतून गेलो तर कुलपासमोरच्या दोरीवर आक्काचं हिरवं लुगडं वाळत टाकलेलं, काठातून पाणी ठिबकत होतं. मुलाने जाताना ते पंचफुलाकडे दिलं, आता ती रोज कामावर जाण्याआधी ते भिजवते.

सर, मुदखेडचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. या, आणि त्या लुगड्यासमोर उभे राहा. चहा आता मिळणार नाही. तिच्या नावावर आलेल्या निधीतून फायदा कोणाला झाला, ते या बायकांसमोर नाव घेऊन सांगा.