मॅटी हेपलच्या आई-लीक

मॅटी हेपलला कुणी विचारलं, कसा आहेस, तर तो आधी आभाळाकडे बघायचा. मग सांगायचा, "वारा ईशान्येचा आहे." विचारणाऱ्याला तेवढं पुरायचं. उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमच्या त्या कोळशाच्या खाणगावात माणसं एकमेकांच्या काळजात डोकावत नाहीत, डोक्यावरच्या ढगात डोकावतात.

खाण बंद पडली तेव्हा मॅटीचं अर्धं आयुष्य जमिनीखाली गेलेलं होतं. उरलेलं त्याने जमिनीच्या वर घालवलं, पण जमिनीपासून फार लांब नाही. गावाच्या टोकाला, जुन्या रुळाच्या कडेने, भाड्याच्या छोट्या मळ्यांची रांग आहे. त्यातला शेवटून दुसरा तुकडा त्याचा. लग्न केलं नाही. कुणी त्यावरून छेडलं की म्हणायचा, "दोघींना सांभाळणं मला जमलं नसतं." दुसरी कोण, ते गावात कुणी विचारत नसे. दुसरी म्हणजे लीक.

लीक ही कांद्याच्या पातीची थोरली, गोरी बहीण. घरोघरी ती सूपात जाते. पण या खाणगावांत तिचा एक मानाचा अवतार आहे. दंडाएवढी जाड, आखूड बांध्याची, दुधासारखी पांढरी अशी लीक वाढवायची आणि सप्टेंबरातल्या प्रदर्शनात गावच्या क्लबाच्या लांब टेबलावर काळ्या कापडावर मांडायची. अशी लीक कुठल्या दुकानातल्या बियांच्या पाकिटातून येत नाही. प्रदर्शनातली सगळ्यात देखणी लीक घरी आणून पुन्हा जमिनीत लावतात, हिवाळाभर जपतात. उन्हाळ्यात तिला दांडा येतो, दांड्याला गोंडा, आणि गोंड्यावर तिचीच बारीक बारीक पिल्लं. ती थेट तिच्यावर जातात. म्हणून तिला सगळे आईच म्हणतात.

मॅटीच्या लीकचं घराणं त्याच्या बापापासूनचं. बापाने मरताना घड्याळ थोरल्याला दिलं आणि गोंडा मॅटीला दिला, आणि वर शब्द घेतला की यातलं एक पिल्लूही घराबाहेर जाता कामा नये. मॅटीने तो शब्द असा पाळला की कुणी काचघराच्या दारात जरा रेंगाळलं तरी तो उगाच खोकायला लागायचा. प्रदर्शनाच्या आधी कुणाच्या लीकवर चाकू फिरला, कुणाची उपटून नेली, असल्या गोष्टी त्या मुलखात लहानपणापासून कानावर पडतात. म्हणून उन्हाळ्यात त्याच्या मानाच्या वाफ्याला जाळी असे आणि जाळीला कुलूप. पण हिवाळ्यात तो वाफा उघडा, ओसाड पडलेला दिसायचा. आया तिथे नसतच. त्या असायच्या खताच्या ढिगामागे, सूपाच्या साध्या लीकच्या ओळीत, पाती छाटलेल्या, गळ्यापर्यंत माती चढवलेल्या. ना पाटी, ना खूण. चोर आला तरी गरिबाच्या रांगेत राणीला शोधणार नाही, असा मॅटीचा हिशेब होता. त्याने हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. डगीलासुद्धा नाही.

डगी ट्युलिप हा शेजारच्या, शेवटच्या तुकड्याचा धनी. खाणीत दोघे एकाच पाळीत होते. क्लबाच्या टेबलावर मॅटीच्या लीकशेजारी दुसऱ्या नंबरची चिठ्ठी ज्याच्या लीकपुढे असायची तो हाच. हिवाळ्यात दोघांच्या मधल्या कुंपणावरून रोज सकाळी बोलणं चालायचं.

"जमीन कशी आहे?" मॅटी विचारायचा.

"कुदळ मारली तर उडून तोंडावर येते."

"मग आज खणत नाहीस."

"खणणार नव्हतोच. बायकोला मात्र खणायला जातो म्हणून सांगितलंय."

मग दोघे आपापल्या खोपटाच्या आडोशाला बसून कुंड्या धुवायचे, कात्र्यांना तेल द्यायचे, फ्लास्कातला चहा प्यायचे. पार्सनिपची गाजरासारखी मुळं आता काढावी का, का अजून एक कडक थंडी खाऊ द्यावी म्हणजे गोड होतील. रुबार्बचे देठ कोवळे निघावेत म्हणून त्यावर बादली पालथी घालायची वेळ झाली का. समुद्राकडून येणारं धुकं दुपारी विरेल का. यावर एक अख्खा जानेवारी निघायचा.

त्या वर्षीचा जानेवारी मात्र मॅटीला अंथरुणात काढावा लागला. छातीत न्यूमोनिया झाला. गावच्या दवाखान्यात कामाला असणारी ऑड्री नेशम रोज येऊन बघून जायची. ऑड्रीचाही मळा होता, त्याच रांगेत, पण ती डेलियाची फुलं लावायची. प्रदर्शनाच्या भानगडीत ती कधी पडली नाही. गावात येऊन तिला फार वर्षं झाली नव्हती, आणि मॅटीच्या लेखी जो तिथल्या खाणीत उतरलेल्या माणसाच्या घरात जन्मला नाही तो पाहुणाच.

पहिला धक्का डगीने दिला. तो टोपी हातात घेऊन पलंगाशी उभा राहिला तेव्हाच मॅटीने ओळखलं.

"तुझ्या काचघरातली शेगडी विझली होती," डगी म्हणाला. "रॉकेल संपलं असावं. मी गेलो तोवर सगळं काळं पडलं होतं."

"सगळं?"

"एक पिल्लू हिरवं नाही, मॅटी."

मॅटी भिंतीकडे वळला. तिकडे बघतच म्हणाला, "थंडी फार वाईट पडली यंदा." डगीनेही मान हलवली. त्या वर्षीची रोपं गेली, पण मॅटीच्या मनात एक जागा उबदार होती. खताच्या ढिगामागे मातीत चार आया गळ्यापर्यंत गाडलेल्या होत्या, आणि लीकला थंडीचं भय नसतं. एक वर्ष प्रदर्शन चुकेल. घराणं चुकणार नाही. हे डगीला सांगून टाकावं असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण तो खोकला.

पुढच्या सोमवारी ऑड्री झाकलेलं पातेलं घेऊन आली. बटाट्याचं घट्ट पांढरं सूप, वर लोणी, सोबत स्टॉटीचा, म्हणजे तिकडच्या चपट्या गोल पावाचा, मोठा तुकडा. आजारी माणसाच्या तोंडाला कितीतरी दिवसांनी चव आली. मॅटीने एक वाडगा संपवला, दुसरा मागून घेतला आणि पावाने वाडगा पुसून काढला.

"पोरी, असं सूप मी आईच्या हातचं खाल्लं होतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं कौतुक निघणं म्हणजे मोठीच गोष्ट.

ऑड्रीला बरं वाटलं. ती खुर्ची ओढून बसली. "हात माझा असेल, पण माल तुमचाच आहे, मॅटी. काल आम्ही सगळ्यांनी मिळून तुमचा मळा आवरला. तुम्हाला सांगणार नव्हतो, पण आता राहवत नाही. डगीने सफरचंदाच्या झाडाची छाटणी केली, काचघराची फुटलेली काच बसवली. मी मागचं सगळं साफ केलं. खताच्या ढिगामागे त्या लीक नुसत्या सडत उभ्या होत्या बघा, सगळ्या काढल्या. त्यातल्या चार तर काय जाडजूड निघाल्या! म्हटलं, वाया कशाला घालवायच्या. मोठं पातेलं केलं. काल मळ्यावर सगळ्यांना वाटलं, आणि उरलेलं तुम्हाला."

मॅटीचा हात वाडग्यावर होता तो तिथेच राहिला. खोलीतलं घड्याळ चालत होतं, ऑड्री बोलत होती, पण त्याला दोन्ही लांबून, पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटत होतं. जिभेवर अजून लोण्याची चव होती. बापाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला तो धडपडत होता आणि तो येत नव्हता. येत होती ती फक्त चव, गोड, मऊ, आणि पुन्हा हवीहवीशी.

"बरं वाटत नाही का?" ऑड्रीने विचारलं.

"छान होतं," मॅटी म्हणाला. "फार छान. मळाही आवरलात. कशाला एवढे कष्ट घेतलेत."

एवढं तो बोलला. त्या मुलखात माणसाच्या घराला कुणी आग लावली आणि ती मायेने लावली, तर घरधनी आधी आभार मानतो. ऑड्रीने वाडगा धुऊन पालथा घातला, बाहेर निसरडं झालंय म्हणाली आणि गेली. दार लागल्यावर मॅटीला एक गोष्ट सुचली आणि तो इतक्या झटक्यात उठला की भिंत धरावी लागली. सूपात पांढरं जातं. मुळं जात नाहीत.

डॉक्टरांनी बाहेर पडायची मनाई केली होती. अंगावर असतील नसतील तेवढे कपडे चढवून तो रुळाच्या वाटेला लागला. गवताचं पातं न् पातं पांढरं होतं, डबक्यांवर काच धरली होती. मळ्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत छातीत भाता चालल्यासारखा आवाज यायला लागला.

डगी मॅटीच्या खोपटापुढे छाटलेल्या फांद्यांच्या मोळ्या बांधत होता. ऑड्रीही तिथेच होती, डेलियाच्या गड्ड्यांना बुरशी लागली का ते बघत.

"डॉक्टरने सोडलं, का पळून आलास?" डगी म्हणाला.

"मुळं कुठे टाकलीस?" मॅटीने ऑड्रीला विचारलं.

"कसली मुळं?"

"लीकची. कापलीस ना तू? कुठे कापलीस?"

"इथेच. ढिगावर टाकली. का?"

मॅटी ढिगाशी गेला आणि वाकायला लागला. वाकवेना. श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो पालथ्या बादलीवर मटकन बसला. दोघे धावत आले. मॅटी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. आता बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. वाकू शकणारी कंबर त्यांचीच होती.

"त्या आया होत्या," तो म्हणाला. "त्या चार जाड. माझ्या आया."

ऑड्रीचा हात तोंडावर गेला. ती अगदी हळू म्हणाली, "पण तिथे? सूपाच्या लीकमध्ये?"

"तिथेच ठेवतो मी. दर हिवाळ्यात."

डगीने हातातली दोरी गुंडाळायला घेतली, पुन्हा सोडली. "काल मी दोन वाडगे खाल्ले," तो शेवटी म्हणाला. "ज्या लीकने मला जन्मभर दुसरा नंबर दिला, ती मी पावाला लावून खाल्ली." त्याला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "लपवून कुणापासून ठेवत होतास?"

"सगळ्यांपासूनच."

"सगळे म्हणजे कोण? फ्रान्सचे लोक येणार होते का इथे? हे कुंपण ओलांडून इकडे येतो तो मी एकटाच आहे, मॅटी."

मॅटीने मान खाली घातली.

"मागच्या आठवड्यात मी तुझ्या उशाशी उभा होतो," डगी म्हणाला. "पिल्लं मेली म्हणून सांगायला. मला त्या रात्री झोप नाही लागली. आणि तुला ठाऊक होतं, आया जिवंत आहेत. नुसतं एवढं म्हणाला असतास, डगी, ढिगामागे हात लावू नका. मी तिथे दिवसभर पहारा दिला असता. चोरच समजलास ना मला?"

मॅटीपाशी उत्तर होतं, पण ते इतकं साधं आणि इतकं ओंगळ होतं की तोंडातून काढवेना. होय, समजत होतो. दर हिवाळ्यात. चहा पिताना, कुंड्या धुताना, तुझ्या बायकोने दिलेला केक खाताना.

ऑड्रीने मात्र तोवर बाह्या सारल्या होत्या. "भांडण नंतर करा," ती म्हणाली. "डगी, ते दाताळं इकडे द्या."

ढिगाचं वरचं कवच दगडासारखं गोठलं होतं. डगीने क्षणभर मॅटीकडे पाहिलं, मग दाताळं ऑड्रीला न देता स्वतःच कवचात घातलं. कवच फुटल्यावर आतून वाफ निघाली. दोघे गुडघ्यांवर बसून हातांनी पेंढा, पानं, कोबीचे देठ बाजूला करू लागले. साध्या लीकची मुळं आधी निघाली, बोटाएवढी, एकामागून एक. मग डगी थांबला. त्याच्या तळव्यावर मुठीएवढा पांढरा बुंधा होता, खाली मुळांची दाढी.

"जाड कापलंयस, बाई," तो म्हणाला. "अर्धी लीक टाकूनच दिलीस."

"माझी सासू नेहमी त्याच्यावरूनच बोलायची," ऑड्री म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दुसरा बुंधा फावड्याने उभा चिरलेला निघाला. तिसरा धड होता. चौथा सापडलाच नाही. दोन बुंधे डगीने हातमोज्यात ठेवले. तसा बुंधा उबेत लावला तर पुन्हा कोंब धरतो, कधी नाही धरत. हे मॅटीला ठाऊक होतं आणि डगीलाही. आणि मॅटीच्या काचघरात आता ऊब नव्हती, तिला राखायला मॅटीच्या अंगात ताकद नव्हती.

बापाला दिलेला शब्द मॅटीला आडवा येत होता. डगी मुद्दामच विचारणार नव्हता, हे त्याच्या ताठ मानेवरून दिसत होतं. तो हातमोजा पुढे करून उभा होता. जणू म्हणत होता, ने, तुझं तुला.

"तुझ्या काचघरात जागा आहे का?" मॅटी म्हणाला. आवाज इतका बारीक की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"जागा आहे. शेगडी आहे. ती विझली तर मला घराबाहेर काढणारी बायको आहे." डगी थांबला. "पण ठेवायला द्यायची तर ठेवायला दे. रोज पहाटे येऊन काचेतून डोकावणार असशील, तर घेऊन जा."

"ठेव," मॅटी म्हणाला. "आणि पिल्लं धरलीच, तर त्यातली तुला लागतील तेवढी लाव."

डगीने त्याच्याकडे असं बघितलं, जणू म्हाताऱ्याला पुन्हा ताप चढलाय. मग तो आपल्या काचघरात शिरला. मॅटी बाहेरच राहिला. धुरकट काचेतून त्याला डगीच्या हातांची हालचाल तेवढी दिसत होती. कुंडीत माती भरली, अंगठ्याने दाबली, बुंधा बसवला, दुसऱ्यालाही तसंच केलं. बापाच्या नंतर त्या लीकना मॅटीशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. तो हात कसा चालतो हे बघताना मॅटीच्या अंगावर काटा आला. थंडीने की कशाने, ते त्याला कळलं नाही. हात मात्र चांगला होता. हलका होता.

डगीने बाहेर येऊन दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. मॅटी खिशाकडे बघत राहिला.

"किल्ली माझ्याकडे राहील," डगी म्हणाला. "तुझ्यासारख्या लपवणाऱ्या माणसाचा काय भरवसा."

मॅटीने मान डोलावली. ऑड्रीने त्याचा एक दंड धरला आणि तिघे फाटकाकडे निघाले. पायांखाली गोठलेलं गवत करकरत होतं.

"उद्या किती वाजता उघडतोस?" मॅटीने विचारलं.

"चहा आणलास तर लवकर," डगी म्हणाला.