व्हर्लिनचं पाठीवरचं मचाण

व्हर्लिन टेशला झाडावरून उतरवायला अग्निशमन दलाची शिडी आणावी लागली, ही गोष्ट पाइन कूली गावात ज्याला सांगता येत नाही असा एक माणूस दाखवा. चर्चच्या पाळकबाईसुद्धा सांगतात. लायल क्रूगर तर अभिनयासकट सांगतो, कारण दलाचा प्रमुख तोच आणि शिडी धरून खाली उभा होता तोही तोच.

आता हसण्यासारखं होतंच ते. व्हर्लिन दुधाचा टँकर चालवायचा. दिवसभर बूड सीटवर आणि मांडीवर ताज्या चीजच्या तुकड्यांची पिशवी. साठीला टेकेपर्यंत ढेरी स्टीअरिंगला लागली होती. पण शरद आला, पानं लाल झाली, की हा गडी घडीचं मचाण पाठीला बांधायचा, खोडाला आवळायच्या पायऱ्यांचे तुकडे त्यावर लटकवायचा, धनुष्य हातात घ्यायचा आणि सरकारी जंगलात शिरायचा. वाऱ्याची दिशा बघून रोज नवं झाड. विशीपासून हेच. "हरीण कुठं मचाण शोधत येतं का? मचाणानं हरणाच्या मागं जायचं असतं," हे त्याचं तत्त्वज्ञान सगळ्यांना पाठ होतं.

तर त्या दिवशी चढला. चढला झकास. उतरताना पंचाईत झाली. खालच्या पायरीकडे बघावं तर मध्ये पोट. पायानं चाचपावं तर गुडघा म्हणतो, मी नाही वाकत, काय करायचं ते कर. व्हर्लिन बराच वेळ खोडाला मिठी मारून बसला आणि शेवटी त्यानं लायलला फोन लावला.

"लायल, गुपचूप ये. शिडी घेऊन ये. आणि हे बघ, भोंगा वाजवू नकोस."

लायलनं गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भोंगा वाजवला.

सगळं गाव हसलं, फक्त एक माणूस हसलं नाही. ते माणूस म्हणजे व्हर्लिनची बायको, आर्लिस. तिचे वडील असेच हरणासाठी झाडावर चढले होते आणि तिथून पडले. मेले नाहीत. मेले असते तर बरं, असं त्यांनीच पुढं कितीदा म्हटलं. मानेखालचं सगळं गेलं, आणि त्यांना कूस बदलून देण्यात आर्लिसची लग्नाआधीची वर्षं गेली. ती व्हर्लिनवर ओरडली नाही. त्याच्यापुढं बटाट्याचं सूप ठेवलं आणि म्हणाली, "बस्स झालं. आता झाड नाही."

"अगं पण..."

"लायलची पेटी आहे ना? तिच्यात बस."

लायलची पेटी म्हणजे जंगलाला लागून असलेल्या त्याच्या शेतातली शिकारीची खोपी. तिला काचेच्या खिडक्या होत्या, आत हीटर होता, गरगर फिरणारी खुर्ची होती, कॉफीचं यंत्रसुद्धा होतं. व्हर्लिन बायकोच्या शब्दाखातर एक दिवस बसला. ऊब लागली तशी झोप लागली, झोप लागली तसं घोरणं सुरू झालं. जाग आली तेव्हा दोन हरिणी खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"कशी वाटली?" लायलनं विचारलं.

"छान आहे. फक्त वरून माती लोटायची बाकी आहे."

तो सबंध हिवाळा व्हर्लिन घरात खिडकीशी बसून राहिला. बोलणं कमी झालं. पत्ते खेळायला जाईना. ब्रँडी पुढ्यात तशीच राहायला लागली तेव्हा मात्र आर्लिस हादरली. झाडावरून पडलेला बाप तिनं पाहिला होता. झाडावाचून बसलेला नवरा तिला बघवेना. बर्फ वितळायला लागला तशी एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली,

"दोन अटी आहेत."

व्हर्लिन खुर्चीतून असा उठला की खुर्चीच पडली.

आर्लिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. दम कुणाला किती, हे तिला डॉक्टरपेक्षा जास्त कळायचं. ती म्हणाली, "पाण्याच्या टाकीची टेकडी आहे ना, तिच्यावर सगळं ओझं घेऊन चढायचं. वर पोचल्या पोचल्या माझ्यासमोर उभं राहून स्तोत्र म्हणायचं. चारही कडवी. मध्ये दम तुटला तर मचाण विकलं."

"आणि दुसरी?"

ही सांगताना तिनं नळ बंद केला. "पट्टा. जमिनीवरून पाय उचलला की पट्टा खोडाला अडकवायचा, आणि पाय परत जमिनीला लागेस्तोवर सोडायचा नाही. एक क्षणसुद्धा नाही, व्हर्लिन. बाबांनी एकच क्षण सोडला होता."

"कबूल," तो म्हणाला. माणूस कबूल म्हणताना कधी विचार करतो का?

मग सुरू झाली तालीम. व्हर्लिननं जड पाणी मऊ करायच्या यंत्रात घालायच्या मिठाची गोणी पिशवीत कोंबली, पिशवी पाठीला लावली आणि गावातून चालायला निघाला. लोहाराच्या भात्यासारखा आवाज यायचा. कुत्री आधी भुंकायची, मग त्यांना कीव आली आणि ती सोबतीनं चालायला लागली. लायल गाडी हळू करून विचारायचा, "काय रे, बायकोनं बाहेर काढलं की काय? मीठ तेवढं बरोबर दिलेलं दिसतंय!"

"तुझ्या जखमेवर चोळायला नेतोय," व्हर्लिन म्हणायचा. म्हणजे, म्हणायचा प्रयत्न करायचा. 'जखमे'पर्यंत दम पुरायचा, पुढचं लायलनं समजून घ्यायचं.

घरात चीज बंद, तळण बंद, ब्रँडी फक्त रविवारी. चीजच्या कारखान्यात टँकर नेऊन रिकाम्या तोंडानं परत येणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. पहिल्या महिन्यात तो आर्लिसशी धड बोलला नाही. नुसती कोबी चावायचा आणि तिच्याकडं बघायचा.

मे महिन्यात अचानक चमत्कार झाला. व्हर्लिन ताठ चालायला लागला, शीळ घालत टेकडी चढायला लागला. गाव थक्क. आर्लिसही थक्क, पण तिनं ऑर्गनवर इतक्या जणांचे चुकलेले सूर झाकले होते की तिला फसवणं सोपं नव्हतं. तिनं ओसरीवरची पिशवी एका बोटानं उचलली. आत निघाल्या घरातल्या चार उश्या.

"उश्या?"

"सुरुवात हळूहळू करावी म्हणतात..."

"तुला मला फसवायचंय की झाडावर चढायचंय? मी एक वेळ फसेन. झाड फसत नसतं."

ते बोलणं त्याला लागलं. खरंच लागलं. लाज वाटली स्वतःची. दुसऱ्या दिवशी मीठ परत पाठीवर आलं, आणि त्यानंतर उश्या पलंगावरून हलल्या नाहीत. पाठ सावरली तशी चढायची तालीम अंगणातल्या मेपलवर सुरू झाली. पायरी आवळायची, चढायचं, पट्टा सरकवायचा, पुढची पायरी. शेजारीपाजारी संध्याकाळी खुर्च्या आणि बिअर घेऊन येऊ लागले. टपालवाली बाई तर तिथंच थांबून डबा खायची.

"व्हर्लिन, आज दुसरी पायरी जरा तिरकी बसलीय हो!"

"तुम्ही चढता का, बाई?"

"मला कुठं हरीण मारायचंय? माझी करमणूक बरी चाललीय."

ऑगस्ट सरता सरता ढेरी उतरली. विजारी गळायला लागल्या, त्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर टांगल्या. गुडघा वाकायला लागला. आणि सप्टेंबरच्या एका सकाळी व्हर्लिन मचाण, पायऱ्या, धनुष्य, सगळं लादून टेकडी चढला. वर आर्लिस गाडीच्या बॉनेटवर बसली होती. चर्चमध्ये बसते तशीच, पाठ ताठ.

त्यानं टोपी काढली आणि स्तोत्र सुरू केलं. देवानं व्हर्लिनला गळा दिलेला नाही, हे खरं. खालच्या रानातली टर्की पाखरं भर्रकन उडाली. तिसऱ्या कडव्यात आवाज थरथरला, आर्लिस बॉनेटवरून अर्धी उठली, पण व्हर्लिननं ओळ सोडली नाही. चौथं कडवं तर त्यानं दोनदा म्हटलं. मस्ती, दुसरं काय!

"सूर कुठल्याच ओळीत नव्हता," आर्लिस डोळे पुसत म्हणाली. "पण दम होता."

नोव्हेंबर आला. नर हरणं माजावर आली की त्यांना आगापिछा राहत नाही. शिकाऱ्याचे हेच चार दिवस. व्हर्लिन उजाडता उजाडता दलदल ओलांडून खोल रानात गेला. जिथं लायल जन्मात पोचला नसता, तिथं एक जाडजूड ओक गाठला आणि खारीसारखा वर चढला. मचाण बसवलं, पट्टा अडकवला, बसला. काय वाटलं असेल त्याला! इतके महिने ज्यासाठी मीठ वाहिलं ते सगळं पायाखाली पसरलं होतं. त्याला रडूच आलं थोडं.

मग थंडी वाजली.

हा हिशेब कुणी केलाच नव्हता. इतकी वर्षं जी थंडी त्याला शिवत नव्हती ती आतल्या चरबीमुळं, आणि चरबी तर घामावाटे टेकडीवर सोडून आला होता. दात वाजायला लागले. दातांमागून गुडघे, गुडघ्यांमागून मचाण. ओकच्या उरल्यासुरल्या पानांतून सळसळ व्हायला लागली. "लायलला कळलं तर मेलो," तो पुटपुटला आणि हात काखेत घालून बसला.

तेवढ्यात तो आला.

असा नर व्हर्लिननं चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. मान रेड्याएवढी, शिंगांचं झाडच्या झाड, त्यातलं डावं शिंग खाली वळलेलं. नाक जमिनीला लावून तो हरिणीच्या वासामागं येत होता, पण येत होता खोडाच्या मागच्या बाजूनं. व्हर्लिन वळायला गेला आणि घोडं अडलं. पट्टा खोडावरच्या एका मोडक्या फांदीच्या खुंटाला अडकला होता. ओढून सुटेना. एकच उपाय. कमरेची कडी काढायची, पट्टा खुंटावरून पलीकडे टाकायचा आणि परत अडकवायचा. दोन क्षणांचं काम. सगळेच करतात. त्यानं स्वतः आयुष्यभर केलं होतं.

बोटं कडीवर गेली. थंडीनं बधिर झालेली बोटं. नर अगदी खाली उभा होता, त्याच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती. पलीकडे वळला की बाण चुकलाच नसता.

कोण बघत होतं? आर्लिस दहा मैलांवर. कुणाला कधी कळलं नसतं.

व्हर्लिननं बोटं कडीवरून काढली. हात मुठीत आवळून मांडीवर ठेवले आणि तो नर जाताना बघत राहिला, झुडपांत शेपटी दिसेनाशी होईपर्यंत. मनातल्या मनात त्यानं आर्लिसला, तिच्या बापाला, ओकला आणि थंडीला अशा शिव्या घातल्या की पाळकबाई ऐकत्या तर चर्चमधून नाव काढलं असतं. मग पायऱ्या उतरला. पाय जमिनीला लागल्यावर पट्टा सोडला.

घरी आल्यावर आर्लिसनं दार उघडलं. अंगात कोट, हातात गाडीच्या किल्ल्या. सकाळपासून ती तशीच बसून होती.

"काही दिसलं?"

"खारी," तो म्हणाला.

आता जो शिकाऱ्यांत राहिलाय त्यालाच याची किंमत कळेल. न मारलेला ससा सांगताना ज्यांच्या तोंडी बैल होतो, असली ही जात. आणि व्हर्लिननं जन्मातला सर्वांत मोठा नर गिळून टाकला. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग मारला का नाहीस? आणि मग आर्लिसला कळलं असतं की वर झाडावर असा क्षण येतो. एकदा आला म्हणजे पुन्हा येणार.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव नेहमीसारखं तळलेले मासे खायला खानावळीत जमलं. व्हर्लिन आणि आर्लिस कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. लायल दारातूनच ओरडत आला आणि त्यानं फोन व्हर्लिनच्या ताटावर धरला.

"बघ! बघ, मिठाच्या व्यापाऱ्या! काल पेटीतून मारला. खुर्ची फिरवली, खिडकी सरकवली, खलास. कॉफीसुद्धा सांडली नाही!"

फोटोत मान रेड्याएवढी. डावं शिंग खाली वळलेलं.

व्हर्लिनच्या हातातला काटा माशात तसाच राहिला.

"तुझ्याच रानातून आलेला असणार हा," लायलला आता चेव आला होता. आजूबाजूची टेबलं ऐकत होती. "तू बसतोस त्या अंगानंच. दिसला नाही तुला? वर्षभर कोबी खाल्लीस, टेकडीवर गाणी म्हटलीस, आणि हरीण आलं माझ्या हीटरपाशी! काय उपयोग रे त्या मचाणाचा?"

"नाही बुवा दिसला," व्हर्लिन म्हणाला. उठून त्यानं लायलचा हात हातात घेतला. "जबरदस्त आहे. अभिनंदन. मनापासून."

खानावळ हसली. लायल दुसऱ्या टेबलाकडं वळला. व्हर्लिन खाली बसला. खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि आत्ता ते नुसते पेटले होते. आर्लिस त्या कानांकडं बघत होती.

"तुला दिसला होता," ती हळूच म्हणाली.

तो मासा खात राहिला.

"व्हर्लिन."

"हो. खालीच होता. पलीकडच्या बाजूला."

"मग?"

"पट्टा सोडावा लागला असता." तो ताटाकडंच बघत म्हणाला. "दोन क्षण."

लायलनं तिकडं गोष्ट पहिल्यापासून सुरू केली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. आर्लिसनं टेबलाखालून उजवा हात पुढं केला, व्हर्लिनची मूठ शोधली आणि गच्च धरली. ती उजव्या हाताची बाई. त्या संध्याकाळी तिनं सगळे मासे डाव्या हातानं खाल्ले, आणि अर्धे मांडीवर सांडले.