पाटीभर पाला

ओतूरच्या पेठेत मारवाडी व्यापाऱ्यांच्या घरांमागे बागा होत्या, आणि त्या प्रयागबाई माळीण सांभाळायची. झाडलेला पाला जाळायचा नाही आणि बागेत खड्डाही खणायचा नाही, असं त्यांतल्या चंपालाल शेठच्या आईने, पानबाईंनी, तिला बजावलं होतं. किडामुंगी मरते, ते पाप आपल्या दारात नको. मग प्रयागबाई पाटी डोक्यावर घेऊन गावाबाहेर ओढ्याकाठच्या खड्ड्यावर जायची. जाताना पाला हलका असायचा. त्याचंच खत झालं की ते त्याच झाडांसाठी परत आणायचं, तेव्हा मान मोडून यायची. पुण्य पानबाईंचं, मान प्रयागबाईची. अशी तिची उमर गेली.

एकदा चंपालालची नवी सून गुलाबबाई म्हणाली, "एवढं लांब कशाला नेता? इथेच आंब्याखाली खड्डा करा की."

"मोठ्या बाईंनी नको म्हनलं व्हतं."

"त्या तर कधीच प्लेगात गेल्या. आता कुणाची हरकत नाही."

प्रयागबाईने पाटी खाली ठेवली.

"हे आधी कुनीतरी सांगायचं व्हतं, बाई," ती म्हणाली. "खड्डा खनायला जोर लागतो. माझा समदा पाटी वाहन्यात गेला."