म्हैसूरच्या दोन डाव्या बाह्या

मिरजेच्या फलाटावर माझं सामान बघून आमचे हे म्हणाले, "शिकवायला निघालीस की लग्नाचे फोटो काढायला?" त्यांचंही काही चुकलं नाही. दोन ट्रायपॉड, एक गोल दिवा, वायरींचं भेंडोळं, आणि कपड्यांची पिशवी कुठेतरी कोपऱ्यात. पण माझं कामच तसं आहे. ज्यांना वर्गात शिकवता येतं त्यांना ऑनलाइन शिकवायला मी शिकवते. धडा केवढा ठेवायचा, कुठे थांबायचं, समोर कोणी बसलेलं नसताना त्याला समजलं की नाही हे कसं ओळखायचं, असल्या गोष्टी. बरीच वर्षं हेच करतेय, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची थोडी घमेंडही होती.

म्हैसूरला उतरले तेव्हा हवा अशी होती की पंखा नको आणि शालही नको. "गोकुलम" म्हटल्याबरोबर रिक्षावाल्याने मला आणि ट्रायपॉडला नीट न्याहाळलं.

"योगा?" त्याने विचारलं.

"नाही हो. ऑनलाइन क्लास."

"ओहो, ऑनलाइन योगा!" म्हणून त्याने समाधानाने किक मारली. पुढचा अर्धा रस्ता मी समजावत होते, उरलेला अर्धा नाद सोडला. गोकुलममध्ये शिरलो तर खरोखरच गोरी मंडळी चटयांच्या गुंडाळ्या काखेत मारून नारळपाणी पीत उभी होती. त्या गर्दीत माझा ट्रायपॉड अगदी खपून गेला.

ज्या संस्थेने मला बोलावलं होतं तिचे व्यवस्थापक गणपतराव दारातच उभे होते. पिढ्यानपिढ्या म्हैसुरात राहिलेलं मराठी घर. मराठी बोलतात, पण वाक्य मिरजेत सुरू होऊन म्हैसूरजवळच्या मंड्यात संपतं. "बन्नी, बन्नी (या, या) मॅडम. प्रवास चांगला झाला, अल्वा (नाही का)?" असं स्वागत करून त्यांनी आधी सेट दोसे खायला घातले. तीन जाड, मऊ दोसे एकावर एक, वर सागू (भाज्यांचा दाट रस्सा). दुसऱ्या दोशाला त्यांनी विषय काढला.

संस्थेचे बारा वर्ग होते आणि बारा शिक्षक. पाच दिवसांत मी त्यांना तयार करायचं, आणि संस्था तेच वर्ग ऑनलाइन चालवणार. जे ऑनलाइन जमणार नाहीत ते उन्हाळ्यापासून बंद. "इंग्रजी, कंप्युटर, हे सगळं होतं मॅडम. शिवण मात्र यादीतून काढूया म्हणतो मी. सुई काय फोनमधून जाते?"

माझं डोकंच फिरलं. शिवणाशी माझा संबंध तुटलेलं बटण लावण्यापुरता, तेसुद्धा दात ओठ खाऊन. पण "हे ऑनलाइन होत नाही" असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. मी म्हटलं, "शुक्रवारी परीक्षा घ्या. जिला बाही कापता येत नाही अशी बाई शोधा. नुसता धडा बघून तिने बाही कापली आणि लावली, तर शिवण राहील. नाही जमलं, तर काढा." गणपतरावांनी हात पुढे केला. मीही जोरात हलवला. ज्या बाईचा वर्ग पणाला लावला तिला मी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिचं नाव सुमित्रा. सगळे सुमित्राक्का म्हणायचे, अक्का म्हणजे थोरली बहीण. साठीला टेकलेली, ठेंगणी, गळ्यात माळेसारखा टेप. शिंप्याचं मराठी घर, देवघरात विठोबा, पुढच्या खोलीत तीन मशिनी. मी पैजेचं सांगितलं तेव्हा ती रागावेल असं वाटलं होतं. ती बोटं मोजायला लागली.

"नंदिनी. शोभा. येलवालची ती उंच पोरगी. मंगला. सगळ्या बाहीपाशी सोडून गेल्या बगा मॅडम. कुणाचं लग्न झालं, कुणाला पोर झालं. पाठ येती, कटोरी येती, गळा येतो, आणि बाही राहती. बिनबाहीचा ब्लाउज कोण घालणार? सगळं शिकून सुम्ने (उगीचच) झालं, अल्वा?" मग टेप गळ्यातून काढून तिने नीट गुंडाळला. "फोन त्यांच्याजवळ आहे. वर्ग त्यांच्याजवळ जाऊ दे."

त्या दिवशी ती मला घरी जेवायला घेऊन गेली. पिठलं, पण कढीपत्ता आणि ओल्या खोबऱ्याचं. आमच्याकडे असं केलं तर सासूबाई पंक्तीतून उठतील, मी मात्र दोनदा घेतलं.

मंगळवारी, बुधवारी सकाळी बाकीच्या शिक्षकांना शिकवून दुपारी आम्ही धडा बनवला. म्हणजे मी बनवला म्हणायला हवं. अक्काला जरीकाठाची साडी नेसायला लावली, तोंडावर दिवा सोडला, "नमस्कार, आज आपण बाही शिकणार आहोत" असं शुद्ध बोलायला लावलं. बाईचा आवाज सुकला, हात सुकले. वर्गात हीच बाई कात्री चालवताना गाणं गुणगुणायची. चित्रण चालू असताना तिने एक बाही कापली, दुसरीही तशीच कापली, आणि "बघा, चुकलं" म्हणत हसून काहीतरी सांगायला लागली. मी लगेच थांबवलं. "अक्का, चूक झाली. तेवढं कापून टाकते. धड्यात चूक दिसता कामा नये."

"पण मॅडम, ते तर..."

"विश्वास ठेवा माझ्यावर."

तिने ठेवला, आणि धड्यात एकच बाही उरली. तेच तर वाईट झालं.

गुरुवारी सकाळी म्हटलं, शुक्रवारच्या आधी रंगीत तालीम घेऊ. गणपतराव म्हणाले, "मीच कापतो की! मला तर काहीच येत नाही." चष्मा वर सारून त्यांनी धडा दोनदा पाहिला, जीभ बाहेर काढून तासभर खपले आणि विजयी मुद्रेने दोन फुलाफुलांच्या बाह्या वर धरल्या. अक्काने बघताक्षणी कपाळाला हात लावला.

"आय्यो! एरडू एडगैदु!" (दोन्ही डाव्या हाताच्या!)

मला काही कळेना. मला तर दोन्ही छान दिसत होत्या. मग अक्काने त्या गणपतरावांच्या दोन्ही दंडांवर चढवल्या आणि बोटाने दाखवलं. बाहीची गोलाई पुढच्या बाजूला जास्त खोल असते, मागे कमी. कापड सुलटं ठेवून एकाच कागदावरून दोन बाह्या सारख्या कापल्या की दोन्ही एकाच हाताच्या होतात. दुसऱ्या वेळी कागद उलटवावा लागतो. गणपतरावांच्या डाव्या दंडावर बाही बसली होती. उजव्या दंडावर ती काखेत दाटली होती आणि पाठीकडे फुगली होती. अक्काचा सगळा वर्ग हसला, तेही हसले, पण हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "बघा मॅडम. म्हणूनच म्हटलं होतं."

अक्काने त्या बाह्यांच्या घड्या घातल्या. मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापली. "अक्का," मी विचारलं, "परवा मी जे कापून टाकलं, ते काय होतं?"

"तीच चूक. बाहीच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम करते," ती म्हणाली. "सगळ्या पोरी दोन डाव्या बाह्या करतातच. सांगून समजत नाही. म्हणून आधी चूक करायची, अंगाला लावून बघायचं, हसायचं, मग दुसरी उलटवायची. एकदा हसली की पोरगी जन्मात विसरत नाही."

इतकी वर्षं मी शिक्षकांना सांगत आले की विद्यार्थी कुठे अडखळतो ते ओळखा. ह्या बाईने ते तीस वर्षांपूर्वी ओळखून त्याचा धडा केला होता, आणि मी, शहाणीने, तो कात्रीने उडवला. मी तिला दोन्ही हात जोडले. ती म्हणाली, "ते राहू दे, तंगी (धाकटी बहीण). फोन वर टांग. तोंड कशाला दाखवायचं? बाही काय तोंडानं शिवतात?"

तंगी म्हणाली ती मला! मॅडमपासून सुटका झाली आणि कामाला हुरूप आला. फोन छताच्या हुकाला उलटा बांधला, खाली फक्त अक्काचे हात. जरीची साडी गेली, रोजची सुती आली. कापड वाया जायला नको म्हणून तिने जुन्या कॅलेंडरची पानं घेतली, तारखांची बाजू म्हणजे सुलटी. दोन बाह्या कापल्या, दोन्ही तारखा वर ठेवून. मग तिचा तो मराठी-कन्नड मिसळलेला आवाज आला, "आता थांब. व्हिडिओ बंद कर. दोन्ही अंगाला लावून बघ. कुठं दाटतंय?" मी फक्त तिथे धडा तोडला, आणि पुढचा धडा विद्यार्थिनीने आपल्या दोन बाह्यांचा फोटो पाठवल्यावरच उघडेल अशी सोय केली. एवढीच माझी कामगिरी. धडा संपल्यावर पाहिला तर ती कापताना गुणगुणत होती. ते मी कापलं नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं येलवालला गेलो. हुणसूर रस्त्यावर दुतर्फा झाडं, मध्येच रस्त्यावर पसरलेली नाचणी, तिच्यावरून गाड्या जाव्यात म्हणजे मळणी होते. परीक्षेसाठी गणपतरावांनी नंदिनीला निवडलं होतं, अक्काच्या बोटांवरची पहिली. लग्न होऊन इथे आली आणि बाहीपाशी राहिली. तिच्या सासूने आधी जेवायला बसवलं, त्याशिवाय काही नाही म्हणाली. ताटात रागी मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा) आणि सारू (पातळ आमटी). मी आपली भाकरी चावावी तशी चावत बसले, ते दाताला असं चिकटलं की तोंड उघडेना. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "चावायचं नाही, गिळायचं!" अक्काने सांगितलं. शिक्षिकेची अशी शोभा झाल्यावर परीक्षा सुरू झाली.

नियम एकच होता आणि तो माझाच होता. शिक्षकाने गप्प बसायचं. अक्का दाराशी बसली, मी तिच्या शेजारी. नंदिनीने फोन भिंतीला टेकवला, कॅलेंडरची पानं कापली, दंडांना लावली आणि खदखदून हसली. "अक्का, एरडू एडगैदु!" अक्काने मान फिरवली, उत्तर द्यायचं नाही ना. फोटो गेला, पुढचा धडा उघडला. नंदिनीने पहिली बाही कापडावर आखली, कापली. आणि फोन थिजला. गोल चक्र फिरत राहिलं. नंदिनी अंगणात गेली, फोन वर धरला, खाली धरला, परत आली. नेटवर्क गेलं ते गेलंच.

"आता काय?" गणपतराव कुजबुजले. "ही परीक्षा धरायची की नाही?"

नंदिनीने फोन पालथा ठेवला. कापडाचा उरलेला तुकडा पसरला, सुलटी बाजू वर. त्यावर कागद ठेवला, पहिल्यासारखाच. खडू उचलला. अक्काने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि मला तर शिवणही येत नाही!

खडू कापडाला टेकला, आणि नंदिनी थांबली. तिने कागद उचलून डाव्या दंडाला लावला. मग उजव्या. एकटीच हसली. कागद उलटवला, आणि मग आखलं.

अक्काने माझा हात सोडला आणि डोळे पुसले. बाह्या लागल्या, ब्लाउज नंदिनीच्या अंगावर चढला, तिने दोन्ही हात वर केले, खाली केले, कुठे दाटलं नाही. गणपतराव बराच वेळ त्या मुंढ्याकडे, म्हणजे बाही जिथे बसते त्या गोलाईकडे, बघत होते. मग म्हणाले, "नेटवर्क असतं तर मी म्हटलं असतं, फोन बघून केलं. आता काय म्हणू? शिवण राहिलं अक्का."

"मला माहीत होतं," अक्का म्हणाली. अजिबात माहीत नव्हतं, माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते. पण त्या क्षणी मला तिचा जो अभिमान वाटला तो माझ्या स्वतःच्या कुठल्याही यशाचा कधी वाटलेला नाही. परत येताना ती गाडीत पुन्हा बोटं मोजत होती. शोभा, उंच पोरगी, मंगला. ह्या वेळी कुणाला आधी कळवायचं, ते.

निघताना स्टेशनवर तिने कागदात बांधलेलं एक पुडकं दिलं. "घरी गेल्यावर उघड, तंगी." मी कसली थांबते, गाडी सुटल्याबरोबर उघडलं. निळ्या खणाचा ब्लाउज, माझ्या मापाचा. माप कधी घेतलं कोण जाणे, टेप तर तिच्या गळ्यातून निघालेला मी फक्त एकदा पाहिला होता. पाठ झालेली, कटोरी झालेली, गळा झालेला. बाह्या नव्हत्या. दीड वीत कापड वेगळं घडी करून ठेवलेलं, आणि गणपतरावांच्या त्या दोन डाव्या बाह्या. तेवढ्यात फोनवर निरोप आला: "बाही तू लाव. धडा आहे."

मिरजेला आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय मग, शिकवून आलीस?" मी स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर काढलं, कात्री घेतली, फोन डब्याला टेकवला. पडद्यावर अक्काचे हात आले. मला तर सगळं माहीत होतं, डोळ्यांनी पाहिलेलं, मी स्वतः चित्रित केलेलं. दोन बाह्या कापल्या आणि दंडांना लावल्या.

दोन्ही डाव्या.

मी एवढ्या मोठ्याने हसले की हे बाहेरच्या खोलीतून धावत आले. मग फोटो काढला आणि अक्काला पाठवला, पुढचा धडा उघडायला.