चुकून म्हणजे कोणाची चूक

नववीच्या वर्गाला मी इंग्रजी क्रियाविशेषणं शिकवायचो, तेव्हा मनात नसताना हातून घडणाऱ्या गोष्टींचे शब्द आले की वर्गाला हुरूप यायचा. ॲक्सिडेंटली, अनइंटेन्शनली, अननोइंगली, इनॲडव्हर्टंटली. शेवटचा शब्द कोणाच्याच तोंडात बसायचा नाही. मी सगळे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहायचो आणि पुढे एकच अर्थ द्यायचो : चुकून. मग पोरं वाक्यं करायची. मी चुकून मास्तरांच्या सायकलची हवा सोडली. मी चुकून बहिणीच्या वाट्याचा लाडू खाल्ला. हसू आवरायचं नाही.

शाळा आमच्याच गावात होती, वरवट बकालपासून जवळ. घरी मी, माझी बायको, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी. हे घडलं त्या वर्षी ती माझ्याच वर्गात होती. घरात मला काका म्हणायची, शाळेत सर. वावर भाऊच पाहायचा. मी शिकलो तो त्याच्या जिवावर.

कपाशीचं बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा भाऊ खूश होता. अळी पडत नव्हती, फवारणी कमी झाली होती. पुढे काही वर्षांनी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी दिसायला लागली आणि फवारण्या पहिल्यापेक्षाही वाढल्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. आत शिरलं की वारा लागत नसे. भाऊ तोंडाला रुमाल बांधून, पाठीवर पंप घेऊन त्या ओळींमधून चालायचा आणि फवारा डोक्याच्या उंचीवर मारायचा. सगळं गाव तसंच फवारत होतं. दुकानदाराने एकात एक मिसळायला औषधाच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. त्यावरची अक्षरं इतकी बारीक होती की मला चष्मा लावूनही नीट वाचता येत नव्हती.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी डबा घेऊन वावरात गेलो तर भाऊ कडेच्या धुऱ्यावर बसलेला. पंप अजून पाठीवरच होता. तोंडातून लाळ गळत होती, शर्ट ओलाचिंब.

"काय झालं रे?"

"मले दोन दोन दिसून राह्यले," तो म्हणाला. "तू बी दोन दिसतं."

मग त्याला उलटी झाली. मी पट्टे सोडून पंप उतरवला, आरडाओरडा केला. शेजारच्या वावरातले धावले. जीपमध्ये घालून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. गावातून जाताना वहिनीला घेतलं. दवाखान्याच्या दारातच पहिला प्रश्न आला, "काय प्यायले?"

वहिनी म्हणाली, "पेले नाही जी. फवारून राह्यले होते."

स्ट्रेचर ढकलणारा माणूस तिच्याकडे न बघताच म्हणाला, "सगळे असंच सांगतात, बाई."

पुढचे काही दिवस भाऊ शुद्धीत नव्हता. विषावर जी सुई द्यायचे तिनेही माणूस भ्रमतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊ उताणा पडून हवेत हात घालायचा, बोटांनी काहीतरी तोडायचा आणि कमरेशी नेऊन सोडायचा. मला आधी समजलं नाही. वहिनीला समजलं. "कापूस वेचून राह्यले," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

तो वाचला. घरी आणला तेव्हा डाव्या हाताला थरथर होती आणि उन्हात डोळे उघडत नव्हते. भेटायला माणसांची रीघ लागली. सगळी आपलीच माणसं, मायेची. कोणी केळी आणली, कोणी अंगारा. आणि जाताना प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात तेच म्हणायचा, "असा विचार पुन्हा मनात आणू नको, भाऊ. पोरीकडं पाह्य."

"मी पेलो नाही," भाऊ सांगायचा.

"हाव, हाव. झालं ते झालं."

पहिले काही दिवस तो सगळ्यांना समजावत राहिला. वास कसा आला, डोळे कसे चुरचुरले, पाय कसे लटपटले. ऐकणारा मान डोलवायचा. मग भावाने सांगणं सोडलं. कोणी आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा त्याने मला विचारलं, "तुले काय वाटते?"

"मी आलो तवा पंप तुझ्या पाठीवर होता," मी म्हणालो. "पिणारा माणूस पाठीवर पंप घेऊन बसते काय?"

तो म्हणाला, "मंग तुझ्या वहिनीनं गोठ्यातल्या औषधाच्या बाटल्या काऊन लपवल्या?"

वहिनीचाही त्याच्यावर विश्वास होता. पण जीव इतका घाबरला होता की नुसत्या विश्वासावर बाटल्या गोठ्यात ठेवायची तिची छाती होत नव्हती. हे मी त्याला कसं सांगू? त्या दिवशी तो जेवला नाही.

सहामाही परीक्षेआधी मी वर्गात उजळणी घेतली. क्रियाविशेषणांचं पान आलं. एकेकाला उठवून वाक्य विचारत होतो. पुतणीची पाळी टाळून पुढे जावं असं मनात होतं, पण ती आपणहून उभी राहिली.

"माय फादर ॲक्सिडेंटली..." एवढं म्हणून थांबली. तिच्या बापाला बोध करून गेलेल्यांचीच पोरं तिच्या आजूबाजूला बसली होती.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही याचा अर्थ चुकून सांगितला. चुकून म्हटलं की चूक आली. माह्या बाबानं काय चूक केली?"

मी म्हणालो, "अननोइंगली घे. नकळत."

तिने विचार केला आणि म्हणाली, "द पॉयझन एंटर्ड माय फादर अननोइंगली."

वाक्य बरोबर नव्हतं. त्याचा अर्थ असा होत होता की विषालाच ठाऊक नव्हतं, ते कुठे शिरतंय. शिक्षक म्हणून मी ते सांगितलं. या शब्दांना कोणीतरी करणारा लागतो, हेही सांगितलं.

"पण बाबानं तं काहीच नाही केलं सर. ते फवारून राह्यले होते."

"मग तेवढंच सांग," मी म्हणालो. "शब्द घालू नको."

मी खडू घेतला. ती सांगत गेली, मी फळ्यावर लिहीत गेलो. माझे वडील फवारत होते. विष त्यांच्या श्वासातून आत गेलं. इंग्रजीत दोन साधी वाक्यं झाली. क्रियाविशेषण एकातही नव्हतं. पोरांनी माना खाली घालून ती उतरवून घेतली.

पोरांनी घरी काय सांगितलं कोण जाणे. काही दिवसांनी पलीकडच्या आळीतला एक शेतकरी ओट्यावर भावाच्या खाटेपाशी येऊन बसला. त्याने काही आणलं नव्हतं, बोधही केला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुले दोन दोन दिसलं म्हणते. किती वेळ दिसलं?"

भाऊ भिंतीकडून वळला. "काऊन?"

"मलेबी दिसलं. मागल्या फवारणीत. घरी सांगतलं नाही. म्हटलं, लोक काय समजतीन."

भाऊ उठून बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने वहिनीला चहा मांडायला सांगितला. दोघं दिवेलागणीपर्यंत बोलत होते. मागाहून आणखी काही जण आले. कोणाला रात्रभर उलट्या झाल्या होत्या, कोणाच्या अंगाची आग झाली होती. कोणी कोणाला बोललं नव्हतं.

पुढच्या हंगामात गावातला एक जवान माणूस फवारणीतच गेला. भावाचं नशीब त्याला लाभलं नाही. आम्ही मसणात गेलो. लाकडं रचून होईपर्यंत लोक झाडाखाली बसले होते आणि कुजबूज सुरू झाली होती. पेला म्हणते. घरात भांडण झालं होतं म्हणते. मरणाऱ्याचा म्हातारा बाप तिथेच बसून सगळं ऐकत होता.

भाऊ उठला. चार माणसांत कधी न बोलणारा माणूस. थरथरता हात त्याने दुसऱ्या हातात धरला होता.

"असं बोलू नका," तो म्हणाला. "मी त्या वावरातून जिता आलो, म्हणून सांगतो. हवा बंद होते. जीभ जड होते. घराकडं यायचं असते माणसाले, पण पाय ऐकत नाहीत. याले घरीच यायचं होतं."

म्हाताऱ्याने भावाचा हात धरून त्याला शेजारी बसवून घेतलं. अग्नी दिल्यावरही दोघं तिथेच बसून होते. परतायची वेळ झाली तेव्हा भावाने त्याला आधार देऊन उठवलं आणि आमच्या घरच्या वाटेला न वळता तो त्याच्यासोबत त्याच्या घराकडे गेला.