खोलीच्या मधोमध मांडलेला घट

आमची खोली अंबडला देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी होती. एका ओळीत पत्र्याच्या खोल्या, एकीला एक लागून. इकडं कुणी खोकललं की तिकडून आवाज यायचा, "पाणी देऊ का?" राहणारे सगळे देवीच्या जत्रेवर पोट भरणारे. कुणी हार गुंफायचं, कुणी हॉटेलात भांडी घासायचं. आमचे हे विहिरीचं पाणी टेकडीवर वाहायचे. मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, परगावच्या लोकांना पुरणाचा स्वयंपाक करून द्यायचो.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाल्ती. मोटारी वाढल्या तशी नवरात्रातली गर्दी वाढली. मंग आमच्या खोल्यांच्या मालकांनी नवीन रीत काढली. नवरात्र आलं की भाडेकऱ्यांनी बाहेर व्हायचं, खोल्या यात्रेकरूंना द्यायच्या. आम्ही दसऱ्यापर्यंत लिंबाखाली, न्हाईतर मालकांच्या कडब्याच्या छपरात. आता बघा, आमच्या हातांची गरज सगळ्यात जास्ती त्याच दिवसांत, आणि त्याच दिवसांत आम्हाला घर नाही. पण बोलणार कोण? ही खोली गेली तर दुसरी मिळायची नाही.

त्या साली माझे दिवस भरत आल्ते. पहिलटकरीण मी. माहेरी आई नव्हती, बाप दुसऱ्याच्या शेतावर सालानं राहिलेला. आदल्या साली आमच्याच ओळीतली एक बाई त्या छपरात बाळंत झाल्ती, आणि वाऱ्यानं तिचं लेकरू गेलं होतं. आत्याबाईंनी ते बघितलेलं. उठता-बसता त्यांचं एकच, "पोरीला चार भिंती पाहिजेत."

मंग त्यांना घट सुचला. आमच्याकडं एकदा घट बसला की नवरात्रभर जागचा हलवत नाहीत, दिवा विझू देत नाहीत. मालक माणूस भाविक, अनवाणी टेकडी चढणारा. आत्याबाईंनी पहिल्या माळेच्या सकाळीच वावरातली माती आणली, पत्रावळीवर पसरली, गहू पेरला, त्यावर पाण्याचा घट मांडला, दिवा लावला. कोपऱ्यात नाही, बराबर खोलीच्या मधोमध.

मालक आले ते यात्रेकरूंची दोन बिऱ्हाडं मागं घेऊनच. दारातून आत बघितलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"म्हातारे, घट कोपऱ्यात बसवतेत. वाटंत न्हाई."

"देवीनं जागा दावली, मालक. मी कोण सांगणार?"

"देवीला माझीच खोली दिसली व्हय?"

"तुमची पुण्याई. तुम्ही म्हनताल तर आत्ता हलविते."

मालकांनी घटाला परत एकदा हात जोडले. पाहुण्यांना घेऊन शेजारच्या खोलीकडं वळले. तिथली हार करणारी बाई बोचकं घेऊन निघाली. जाता जाता म्हणाली, "आमालाबी सांगायचं की माय. आमीबी पेरलं असतं." आत्याबाईंनी दार लोटून घेतलं.

सहाव्या माळेला, दुपारी, मला कळा सुरू झाल्या. सुईण आली ती उंबऱ्यातच थांबली. "आत घट हाय की. सोयर लागंल देवीला. हितं कसं करायचं बाळंतपण?"

आम्हा दोघींना ते ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मापासून ठाऊक. पण खोली राखायच्या नादात पुढचं सुचलंच नाही. आत्याबाई घटाकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या. एकदा वाकल्या, घटाला हात लावायला गेल्या, आणि हात मागं घेतला.

"हलवा की आत्याबाई," मी म्हणाले.

"हलविला अन् तुझ्या लेकराला काही झालं, तर कुणाला तोंड दावू?"

शेवटी त्यांनीच मला धरून छपरात नेलं. दारावर गोधडी बांधली, कडब्याच्या पेंढ्या रचून वारं अडवलं. दिवे लागायच्या सुमाराला मुलगी झाली. बारीक होती, पण रडली.

ती रडली आणि आमच्या घराला सोयर लागलं. आता दिव्याला आमच्यापैकी कुणी शिवायचं नाही. मालकीणबाई तेलाचं भांडं घेऊन आल्या, म्हणाल्या, "दिवा मी बघते. किल्ली द्या." आत्याबाईंनी कनवटीची किल्ली काढून त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवली. पाठोपाठ यात्रेकरूंचं एक बिऱ्हाड आमच्या खोलीत उतरलं. घटाच्या भोवती त्यांनी पथाऱ्या टाकल्या. त्यांची आरती आम्हाला छपरात ऐकू यायची. आत्याबाई सवयीनं हात जोडायच्या आणि लगेच सोडून मुलीवर पदर ओढायच्या. दोन दिवसांत तिच्या छातीत घरघर सुरू झाली. ओव्याची पुरचुंडी गरम करून आम्ही पाळीपाळीनं शेकत बसायचो.

दसऱ्याला मालक छपराशी आले. टोपीत आमच्या घटातल्या गव्हाचे पिवळे कोंब खोवलेले.

"म्हातारे, तुझ्या घटाला धन काय झकास आलं बघ."

आत्याबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. मुलीला छातीशी घट्ट धरून म्हणाल्या, "आलं असंल मालक. पाहुणे गेले असतील तर खोली उघडा. पोरीला वारं लागून राह्यलं."